गुरुजींचे आभाराचे पत्र आठ महिने उशिरा पाठवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विद्यार्थ्याने आपल्या धर्मगुरूंना स्वतःच्या हातांनी बनवलेला, ग्रंथ ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड भेट दिला. भेट समारंभाच्या गर्दीत दिली गेली आणि आभार कळवायचे राहून गेले. आता आठ महिने झाले आहेत. गुरुजींच्या वतीने विद्यार्थ्याला पत्र पाठवायचे आहे, मजकुराची तयारी त्यांचा पत्रव्यवहार पाहणाऱ्याकडे आली आहे. उशिराबद्दल किती लिहावे, काय लिहू नये, पत्र कोणाच्या हातचे असावे, असे त्याचे विचारणे आहे.

पत्र पाठवाच, आणि याच आठवड्यात पाठवा. ‘आता फार उशीर झाला, इतक्या दिवसांनी बरे दिसणार नाही’ या विचारापायी बरीचशी पत्रे कायमची राहतात. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहा. मित्राला भेट दिली आणि उत्तर आले नाही, तर आपण ‘विसरला असेल’ म्हणून सोडून देतो, फार तर फोन करून विचारतो. गुरूला असे विचारता येत नाही. विचारले तर आभारांची वसुली केल्यासारखे दिसेल अशी भीती असते. मग विद्यार्थी मनातल्या मनात कारणे शोधतो: वस्तू पोहोचलीच नसेल, आवडली नसेल, एखाद्या नियमात बसत नसेल, नाहीतर माझेच काहीतरी चुकले असेल. शेवटची शंका सर्वांत वाईट, आणि काळ जाईल तशी ती घट्ट होत जाते.

म्हणून पत्राने तीन न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची आहेत. वस्तू मिळाली का? तिचा काही उपयोग झाला का? माझे काही चुकले का? मसुदा तयार झाला की या तीन प्रश्नांवर तो तपासा. चौथे काही त्यात आले असेल तर बहुधा ते काढून टाकण्यासारखे असते.

लिहायला बसण्याआधी माहिती गोळा करा. भेट नेमकी कोणत्या दिवशी दिली, एकट्याने दिली की दोघातिघांनी मिळून, सोबत चिठ्ठी होती का, ती कोणाच्या हातात दिली, आणि वस्तू या क्षणी कुठे आहे. शेवटचा मुद्दा स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहून खात्री करण्याचा. ‘गुरुजींच्या खोलीत असेल’ यावर विसंबून ‘मी रोज वापरतो’ असे लिहिले आणि स्टँड कोठारात धूळ खात असला, तर विद्यार्थी पुढच्या भेटीला येईल तेव्हा त्याला ते दिसेलच. उशीर माफ होतो. पत्रातले खोटे उघडे पडले तर आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या पत्रांवरचा विश्वास जातो.

चिठ्ठी सापडली तर ती गुरुजींना पुन्हा वाचून दाखवा. पुष्कळदा विद्यार्थ्याने त्यात एखादी गोष्ट सांगितलेली असते: लाकूड कुठले, कोणाकडून शिकला, का करावेसे वाटले. त्यातल्या एका गोष्टीचा उल्लेख पत्रात आला की चिठ्ठी वाचली गेली होती हे आपोआप कळते.

मजकूर तुम्ही रचू नका, गुरुजींकडून बोलून घ्या. प्रत्यक्ष वस्तू त्यांच्या समोर ठेवा. नुसत्या आठवणीवर माणूस ‘छान होती भेट’ एवढेच बोलतो. स्टँड हातात घेतला, उघडून मिटून पाहिला, एखादा ग्रंथ त्यावर ठेवला की ते आपणहून बोलू लागतात: ही पट्टी बरोबर उंचीची आहे, बिजागरी आवाज करत नाही, कड हाताला लागत नाही. तेच शब्द टिपून घ्या. दोन प्रश्न पुरतात: यातले काय आवडले, आणि हे कधी वापरता. दहापंधरा मिनिटांचे काम आहे. तुमचे काम टिपायचे, क्रम लावायचा आणि पुनरुक्ती काढायची. गुरुजींच्या तोंडी नसलेली वाक्ये तुम्ही त्यांच्या नावाने घातलीत, तर ज्याने वर्षानुवर्षे त्यांचे बोलणे ऐकले आहे त्या विद्यार्थ्याला दुसऱ्या ओळीत ते कळते.

लांबी फार तर दीडशे शब्द. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. उशिराच्या पत्राला लांबी वाढवण्याचा मोह फार होतो, जणू शब्दांनी महिने भरून काढता येतील. लांब पत्रात आभार मात्र पातळ होतात.

क्रम असा ठेवा: आधी वस्तू, मग तिचे एखादे बारीक वैशिष्ट्य, मग उशिराची कबुली एकदाच, मग स्पष्ट आभार, शेवटी आशीर्वाद. नमुना देतो. शब्द तुमच्या गुरुजींचे असावेत, चौकट ही घ्या.

‘चि. (नाव) यास,

सप्रेम आशीर्वाद.

तू दिलेला लाकडी स्टँड माझ्या वाचनाच्या मेजावर आहे. सकाळच्या पाठाला ग्रंथ त्यावरच ठेवतो. खालची पट्टी तू बोटभर उंच ठेवली आहेस, त्यामुळे जाड ग्रंथही घसरत नाही. दोन्ही फळ्या एकाच लाकडातून काढल्या आहेस, हे स्टँड मिटल्यावर रेषा जुळतात त्यावरून लक्षात आले. काम फार मन लावून केले आहेस.

हे तुला आठ महिन्यांपूर्वीच कळवायला हवे होते. ते माझ्याकडून राहिले, याचे मला वाईट वाटते.

वाचताना आता मान खाली घालावी लागत नाही, त्यामुळे पाठ संपल्यावर मान दुखत नाही. तुझे मनापासून आभार.

तुझा अभ्यास चांगला चालू असो. तुला उत्तम आरोग्य लाभो.’

खाली सही आणि आजची तारीख.

यात उशिराची दोन वाक्ये आहेत आणि ती मुद्दाम मध्ये ठेवली आहेत. सुरुवातीलाच माफी आली तर पुढचे सगळे पत्र माफीचेच वाटते आणि भेट मागे पडते. शेवटी आली तर तीच मनात राहते. ‘आठ महिने’ हा काळ स्पष्ट लिहिला आहे, कारण विद्यार्थ्याला तो माहीतच आहे. ‘थोडा उशीर झाला’ असे लिहिणे म्हणजे त्याने मोजलेले महिने खोटे ठरवणे. ‘माझ्याकडून राहिले’ यात तिसऱ्या शंकेचे उत्तर आहे: चूक तुझी नव्हती. त्यासाठी वेगळे वाक्य लागत नाही.

कारण दिलेले नाही, तेही मुद्दाम. ‘कार्यबाहुल्यामुळे पत्रोत्तरास विलंब झाला, क्षमस्व’ हे तयार वाक्य सर्वांत आधी सुचते आणि सर्वांत जास्त दुखावते. त्यातून विद्यार्थ्याला एवढेच कळते की आठ महिन्यांत जी जी कामे झाली त्यांत त्याच्या भेटीचा नंबर शेवटचा लागला. अपवाद खऱ्या, मोठ्या कारणांचा: गंभीर आजार, घरात किंवा संस्थेत मृत्यू, दीर्घ मौन किंवा एकांतवास. असे असेल तर एका वाक्यात सांगा. वर्णन नको, नाहीतर विद्यार्थी आभार वाचायच्या ऐवजी काळजीत पडतो. दुसरा अपवाद असा, की वस्तू गुरुजींपर्यंत आठ महिने पोहोचलीच नव्हती. गर्दीच्या दिवशी भेटी सेवेकऱ्यांच्या हातात जातात आणि ढिगात मिसळतात. अशा वेळी ‘तुझी भेट माझ्या हाती गेल्या आठवड्यात आली’ एवढे खरे लिहा. ती कोणाच्या हलगर्जीपणामुळे अडकली, हे लिहू नका. त्या सेवेकऱ्याची आणि विद्यार्थ्याची गाठ रोज पडत असेल.

माफी वाढवली तर काय होते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. गुरूने चार ओळी क्षमा मागितली की विद्यार्थी अवघडतो आणि ‘नाही नाही, आपण असे म्हणू नये’ असे उलट पत्र लिहायला बसतो. आभार त्याला मिळायचे होते, त्याऐवजी समजूत घालायचे काम त्याच्याच गळ्यात पडते. कारण या नात्यात दोघांचे वजन सारखे नसते. गुरूचे एक साधे वाक्य विद्यार्थ्याला पुष्कळ होते, तसेच गुरूचे एक वाकडे वाक्यही.

आता आभार आणि आशीर्वाद यांच्याबद्दल. धर्मगुरूंच्या पत्रांत आभारांची जागा आशीर्वाद घेतो, आणि तो दिला म्हणजे आभार झाले असे धरले जाते. आशीर्वाद गुरू सर्वांनाच देतो. भेट एकानेच दिली होती. ‘तुझे आभार’ हे दोन शब्द साधेपणाने यायलाच हवेत. काहीजण म्हणतात, भेट देवाला अर्पण असते, गुरूने माणसाचे आभार मानणे बरोबर नाही. अनेक परंपरांमध्ये याला आधार मिळत नाही. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांतली प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, सांगते की जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही. अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथाच्या दुकनिपात या भागात जगात दुर्मीळ अशी दोन माणसे सांगितली आहेत: आपणहून आधी उपकार करणारा, आणि केलेले उपकार जाणून ते बोलून दाखवणारा.

थेरवादी बौद्ध भिक्षूंच्या परंपरेत ‘आभार’ म्हणण्याऐवजी अनुमोदन करतात, म्हणजे देणाऱ्याच्या पुण्यकर्माबद्दल आनंद व्यक्त करतात. तुमची परंपरा तशी असेल तर पत्राची भाषा तीच ठेवा. पण वस्तूचे नाव आणि तिचा उपयोग त्यातही आलाच पाहिजे, नाहीतर तेच पत्र कोणालाही पाठवता येईल असे होते.

जुन्या पत्रांतली दोन उदाहरणे या कामी खरोखर शिकण्यासारखी आहेत. पहिले बायबलमधले, ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र. फिलिप्पै इथल्या मंडळीने एपफ्रदीत या आपल्या माणसाच्या हाती पौलाला बंदिवासात मदत पाठवली होती. आभाराचा भाग चौथ्या अध्यायात, पत्र संपत आले तेव्हा येतो. मदत पोहोचून बराच काळ लोटला होता, हे पत्रावरूनच दिसते: एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला, ती बातमी फिलिप्पैला गेली, आणि तिथले लोक काळजीत आहेत हे त्याला इकडे कळले, एवढे सगळे मध्ये घडले आहे. पौल काय करतो? मदत कोणाच्या हाती आली ते सांगतो, सर्व भरून पावले असे सांगतो (मूळ ग्रीक क्रियापद त्या काळच्या पावत्यांवर आढळते), आणि थेस्सलनीकात असतानाही त्यांनी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा मदत पाठवली होती याची आठवण देतो. हे सगळे उचलण्यासारखे आहे. पण त्याच परिच्छेदात ‘मला देणगीची अपेक्षा आहे असे नाही’ आणि ‘असेल त्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे’ असेही तो म्हणतो, आणि थेट ‘तुमचे आभार’ हे शब्द तिथे नाहीत. त्यांची त्याच्यावर वर्षानुवर्षांची माया होती, म्हणून ते चालून गेले. आपण आठ महिन्यांनी विद्यार्थ्याला ‘मला वस्तूंची आसक्ती नाही’ असे लिहिले, तर त्याला एवढेच ऐकू येईल की स्टँड नको होता. विरक्तीचा उल्लेख आभाराच्या पत्रात टाळाच.

दुसरे उदाहरण जपानी बौद्ध आचार्य निचिरेन (1222–1282) यांचे. 1274 पासून ते मिनोबु पर्वतावर राहत आणि शिष्य दुरून धान्य, कपडे पाठवत. त्यांची अनेक पत्रे मिळालेल्या वस्तूंच्या नेमक्या नोंदीने सुरू होतात. एका पत्रात आधी एक पोते पांढरा तांदूळ, एक पोते कंद, एक टोपली शेवाळ अशी पोच आहे, आणि मग त्या तांदळाचे मोल काय, हे त्यांनी उलगडून सांगितले आहे. त्यांचे धर्मविवेचन भेटीतूनच उगवते, भेटीवर लादलेले नसते. हा फरक सांभाळता येत असेल तरच पत्रात उपदेश येऊ द्या. येत नसेल तर उपदेश वेगळ्या पत्रासाठी ठेवा. विशेषतः ‘दान निरपेक्ष असावे’ या आशयाचे काहीही लिहू नका. उशीर करणाऱ्यानेच ते लिहिले की विद्यार्थ्याने आभारांची वाट पाहिली हाच त्याचा दोष ठरतो.

आभाराच्या पत्रात मागणी नको. वर्गणी, सेवा, उत्सवाचे आमंत्रण, ‘असेच आणखी दोन स्टँड करून देशील का’, यातले काही नको. शेवटचे कौतुकाच्या भरात सहज लिहिले जाते आणि एका भेटीची ऑर्डर होऊन बसते. खरेच हवे असतील तर दोन-तीन महिन्यांनी वेगळे विचारा आणि लाकडाचा, मजुरीचा खर्च द्या. तसेच, उशिराची भरपाई म्हणून परतभेट जोडू नका. हिशेब चुकता केल्यासारखे होते. इतर विद्यार्थ्यांशी तुलनाही नको: ‘एवढ्या सगळ्यांत तुझीच भेट आवडली’ हे वाक्य चार दिवसांत सगळ्यांपर्यंत पोहोचते.

मागची तारीख घालण्याची सूचना कधी कधी येते. ती मान्य करू नका. पाकिटावर टपालाचा शिक्का असतो, आणि तो नसला तरी हे खोटेच आहे.

गुरुजींचा हात चालत असेल तर पूर्ण पत्र त्यांच्या हस्ताक्षरात असू द्या, खाडाखोड झाली तरी चालेल. हात थरथरत असेल किंवा दिसत नसेल, तर मजकूर तुम्ही लिहा, ‘सांगून लिहवून घेतले’ असे खाली नमूद करा, आणि ‘तुझे मनापासून आभार’ ही ओळ व सही त्यांच्या हातची घ्या. रबरी शिक्क्याची सही, छापील नमुन्यात नाव भरणे, सणाच्या सामूहिक शुभेच्छांत एक ओळ घुसवणे, हे तिन्ही प्रकार न पाठवण्यापेक्षा वाईट. उशीर महिन्याभराचा असता तर फोनवर दोन मिनिटे बोलणे पुरले असते. सहा महिन्यांच्या पुढे लेखी पाठवणेच योग्य, कारण फोनवर विद्यार्थी गोंधळून ‘त्यात काय एवढे’ म्हणतो आणि विषय संपतो, पत्र तो नंतर निवांत वाचतो. विद्यार्थी रोज भेटणारा असेल तर पत्र द्याच, शिवाय एकांतात तोंडी सांगा. दर्शनाच्या रांगेत पायांवर डोके ठेवलेले असताना सांगितलेले आभार त्याला धड ऐकूही येत नाहीत. प्रवचनात जाहीर उल्लेख त्याला विचारल्याशिवाय नको.

संबोधन रोजचे ठेवा. गुरुजी त्याला ‘तू’ म्हणत असतील तर पत्रातही ‘तू’. अचानक ‘आपण’ आले की विद्यार्थ्याला दुरावा जाणवतो. पाकीट बंद असावे, पत्ता आधी पडताळून घ्या, आणि शक्यतो दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पाठवू नका.

विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पत्र त्याच्या नावाने, त्याला समजेल अशा सोप्या भाषेत लिहा, पण पालकांच्या हाती, उघड्या पाकिटात पाठवा. धर्मगुरू आणि मूल यांच्यात पालकांना ठाऊक नसलेला खासगी पत्रव्यवहार किंवा मोबाइलवरचे संदेश असू नयेत, हेतू कितीही शुद्ध असला तरी.

वस्तू दुसऱ्याला देऊन टाकली असेल तर? काही परंपरांत हा नियमच आहे. ख्रिस्ती मठांसाठी संत बेनेडिक्टने लिहिलेल्या सहाव्या शतकातल्या नियमावलीचा 54 वा अध्याय सांगतो की मठाधिपतीच्या परवानगीशिवाय साधूने पत्र किंवा भेट स्वीकारू नये, आणि स्वीकारल्यावरही ती कोणाला द्यायची हे मठाधिपती ठरवेल. बौद्ध भिक्षूंच्या विनयात, म्हणजे आचारनियमांत, सोने-चांदी घेणे निषिद्ध आहे आणि जादा चीवर (भिक्षूचे वस्त्र) दहा दिवसांपलीकडे स्वतःजवळ ठेवता येत नाही. अशा वेळी सरळ लिहा: ‘आमच्या नियमाप्रमाणे तो ग्रंथालयात ठेवला आहे. तिथे रोज वाचायला बसणारे तो वापरतात.’ वस्तू कुठे आणि कोणाच्या उपयोगी पडते आहे हे कळले की देणाऱ्याला समाधान वाटते. मोडली किंवा हरवली असेल तर तेही सांगा, एका वाक्यात. दुरुस्त होण्यासारखी असेल तर आधी दुरुस्त करून घ्या आणि मग लिहा.

भेट पैशाची असेल तर पावती हिशेब पाहणाऱ्याने वेगळी पाठवावी. आभाराच्या पत्रात रक्कम लिहू नका. भेट देणाऱ्याचा गुरुजींकडे काही निर्णय अडला असेल, म्हणजे दीक्षा, शिफारस, परीक्षा, तर एक वाक्य जरूर घाला: या भेटीचा त्या निर्णयाशी संबंध नाही. तशी भेट मौल्यवान असेल तर ती परत करणेच बरे. आठ महिने ठेवून मग परत करणे मात्र अपमानासारखे लागते, म्हणून अशा भेटींचा निर्णय त्याच आठवड्यात घ्यायचा असतो. संप्रदाय किंवा संस्था सोडून गेलेल्या विद्यार्थ्यालाही आभार कळवावेत, ‘परत ये’ असा सूरसुद्धा न लावता. मध्यंतरी त्याचे निधन झाले असेल तर पत्र घरच्यांना लिहावे, आणि त्यात वस्तूचे वर्णन थोडे अधिक विस्ताराने करावे. आपल्या माणसाच्या हातचे काम कोणीतरी इतके नीट पाहिले, हे त्यांना हवे असते.

उत्तराची अपेक्षा पत्रात व्यक्त करू नका. विद्यार्थ्याचे उत्तर आलेच, तर गुरुजींना वाचून दाखवा. पुन्हा आभारांचे आभार मानत बसू नका.

पुढे असे होऊ नये म्हणून एक वही पुरते. रकाने सहा: तारीख, देणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तू, व्यक्तीला की संस्थेला, सध्या कुठे ठेवली, आभार कधी कळवले. समारंभाच्या दिवशी एकाच सेवेकऱ्याकडे भेटी घेण्याचे काम द्या आणि भेट हातात पडताच दोऱ्याने चिठ्ठी बांधायला सांगा. वेष्टन आधी काढले तर चिठ्ठी वेष्टनाबरोबर जाते, बहुतेक घोळ इथेच होतो. बंद भेटी दोन दिवसांत गुरुजींसमोर उघडा, ते जे बोलतील त्यातले एक वाक्य वहीत त्यांच्याच शब्दांत टिपा. पत्र लिहायला पुढे चार आठवडे लागले तरी ते वाक्य हाताशी असते. आठवड्यातून एकदा शेवटचा रकाना वरून खालपर्यंत पाहायचा आणि रिकाम्या जागांची नावे गुरुजींना वाचून दाखवायची.